राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : जीवनसाधना आणि आरोग्यसेवेचा वारसा

विदर्भाच्या भूमीने विसाव्या शतकात महाराष्ट्राला असे दोन संत दिले, की ज्यांनी देव देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा माणसाच्या दारात अधिक शोधला. एकाच्या हाती खराटा होता, दुसऱ्याच्या हाती खंजिरी. खराटा घेऊन गावे झाडणारे ते संत गाडगे महाराज आणि खंजिरीच्या तालावर माणसांची मने जागविणारे ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. नागपूरकरांना तुकडोजी महाराजांचे नाव आज दोन ठिकाणी प्रकर्षाने आढळते. एक येथील विद्यापीठ, ज्याला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. आणि दुसरे मानेवाडा मार्गावरील कर्करोग रुग्णालय. विद्यापीठाला संताचे नाव का, हे सहज उमगते. कर्करोग रुग्णालयाला ते का लाभले आणि त्या नावाने समाजावर कोणते ऋण ठेवले आहे, हे समजून घ्यावयाचे तर महाराजांचे संपूर्ण जीवनच डोळ्यांसमोर आणावे लागते.

बालपण आणि साधना

अमरावती जिल्ह्यातील यावली या लहानशा गावी ३० एप्रिल १९०९ रोजी एका गरीब कुटुंबात महाराजांचा जन्म झाला. वडिलांचे नाव बंडोजी, आईचे मंजुळाबाई. बालकाचे नाव माणिक ठेवण्यात आले. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. परंतु भजनाची गोडी आणि एकांताची ओढ बालपणापासूनच होती. वरखेड येथील संत आडकोजी महाराज यांच्या सहवासात माणिकला गुरू लाभले आणि ‘तुकड्या’ हे नावही त्यांच्याकडूनच मिळाले. पुढे रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा येथील अरण्यांत त्यांनी साधना केली. वाघ-अस्वलांच्या त्या रानात राहिलेला हा तरुण वनवासी बांधवांच्या दारिद्र्याशी आणि रोगराईशीही तेथेच परिचित झाला.

साधना पूर्ण झाल्यावर हा योगी गुहेत राहिला नाही, हेच त्यांच्या चरित्राचे वैशिष्ट्य होय. १९३५ साली सालबर्डी येथे त्यांनी महायज्ञ केला आणि त्यास प्रचंड जनसमुदाय लोटला. त्याच सुमारास नागपूर-अमरावती मार्गावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९३६ साली महात्मा गांधींच्या आमंत्रणावरून महाराज सुमारे महिनाभर सेवाग्रामच्या परिसरात राहिले. ग्रामसफाई, श्रमप्रतिष्ठा आणि प्रार्थना यांचा जो संगम त्यांच्या पुढील कार्यात दिसतो, त्याला या सहवासाने बळ दिले.

राष्ट्रकार्य आणि ग्रामगीता

१९४२ च्या चले जाव आंदोलनात आष्टी आणि चिमूर येथील जनतेने ब्रिटिश सत्तेला आव्हान दिले. त्या जागृतीमागे महाराजांच्या भजनांचा वाटा मोठा होता. सरकारने त्यांना अटक करून नागपूर व रायपूर येथील कारागृहांत ठेवले. सुटकेनंतर त्यांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या रूपाने गावोगावी कार्यकर्त्यांचे जाळे विणले. जात, पंथ, लिंग यांचा भेद न मानणारी सामुदायिक प्रार्थना हा त्या मंडळाचा प्राण होता. सायंकाळी गावातील सर्व माणसे एकत्र बसली, म्हणजे कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे आपोआप कळते. प्रार्थनेचा हा सामाजिक उपयोग महाराजांनी नेमका ओळखला होता.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला. १९५५ साली जपान येथे भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्याच वर्षी ‘ग्रामगीता’ हा त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. एक्केचाळीस अध्यायांच्या या ग्रंथात ओवीचा साचा जुना आहे, परंतु विषय सर्वस्वी नवे आहेत. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती यांसारख्या विषयांना स्वतंत्र अध्याय देणारा संतग्रंथ विरळाच. रोग झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आहार, श्रम, स्वच्छता आणि निर्व्यसनीपणा यांनी रोग दारातच अडवावा, ही त्यांची शिकवण होती. दारू, तंबाखू, गांजा यांच्या विरोधात त्यांनी आयुष्यभर प्रबोधन केले. गुरुकुंजाच्या परिसरात आयुर्वेदाच्या अध्ययनाची आणि औषधोपचाराची परंपरा उभी राहिली, तीही याच विचारातून.

१९५६ साली स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे नेतृत्व त्यांनी केले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धप्रसंगी सीमेवर जाऊन त्यांनी जवानांना धीर दिला. जेथे संकट तेथे संत, असा जणू त्यांचा नेमच होता.

अखेरचा काळ

अशा संयमी, निर्व्यसनी आणि अखंड भ्रमंती करणाऱ्या देहाला अखेरच्या काळात कर्करोगाने गाठले. शक्य ते सर्व उपचार झाले, परंतु त्या काळी या रोगापुढे वैद्यकशास्त्राचे सामर्थ्य मर्यादित होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज मोझरी येथे महाराजांची प्राणज्योत मालवली. आजही दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला त्याच वेळी त्यांच्या समाधीसमोर लक्षावधी माणसे निःशब्द उभी राहतात. ज्याने आयुष्यभर खंजिरीचा नाद केला, त्याला समाजाने मौनाने वाहिलेली ही श्रद्धांजली विलक्षण होय.

या घटनेतून एक बोध आवर्जून घ्यावयास हवा. कर्करोग हा रुग्णाच्या पापाचे फळ आहे, किंवा तो स्पर्शाने पसरतो, अशा समजुती आपल्याकडे दीर्घकाळ राहिल्या. काही घरांत त्या आजही आहेत. त्यामुळे मुलीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील, या भयाने आजार लपविला जातो. निष्कलंक चारित्र्याच्या संतालाही जो रोग होऊ शकतो, त्यात रुग्णाने लाजावे असे काय आहे? लपविण्यात जे महिने जातात, तेच रुग्णाचे प्राण वाचविण्याचे महिने असतात.

नावाचा वारसा

नागपुरातील कॅन्सर रिलीफ सोसायटी चालवीत असलेल्या रुग्णालयास राष्ट्रसंतांचे नाव लाभले. राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रमाखाली प्रादेशिक कर्करोग केंद्र म्हणून त्याला मान्यता मिळाली आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय या नावाने ते मध्य भारतात सर्वपरिचित झाले. विदर्भाच्या सर्व जिल्ह्यांतून, तसेच छिंदवाडा, बालाघाट, शिवनी या मध्य प्रदेशातील सीमावर्ती भागांतून रुग्ण येथे येतात. ज्या खेड्यांत महाराजांची भजने घुमली, त्याच खेड्यांतील शेतकरी व मजूर नागपुरात आल्यावर ओळखीच्या नावाचे दार शोधतात. अनोळखी शहरात त्या नावाचा आधार किती मोठा असेल, याची कल्पना त्या माणसांच्या चेहऱ्याकडे पाहूनच यावी.

१९८० साली नागपूर शहरातील कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला. अशा नोंदीमुळे शहरात कोणता कर्करोग किती प्रमाणात आहे, हे अनुमानाने नव्हे तर गणनेने कळू लागले. तोंडाच्या कर्करोगाचे या भागातील ओझे त्यातून स्पष्ट झाले. त्याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भाच्या पानठेल्यापानठेल्यावर मिळतो. केवळ तंबाखूच नव्हे, तर सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. राज्य शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण खर्ऱ्याची सवय सुटलेली नाही. महाराजांच्या व्यसनमुक्तीच्या प्रबोधनाची निकड म्हणूनच आज अधिक आहे.

गेल्या काही वर्षांत नागपुरातील उपचारांच्या सोयी वाढल्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय पूर्वीपासून गरिबांचा आधार आहेच. जामठा येथे डॉ. आबाजी थत्ते सेवा और अनुसंधान संस्थेने राष्ट्रीय कर्करोग संस्था उभारली. तिचा पहिला टप्पा २०१७ मध्ये सुरू झाला आणि २७ एप्रिल २०२३ रोजी तिचे लोकार्पण झाले. मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, अर्थात एम्स, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला समर्पित झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा खर्च पात्र कुटुंबांच्या आवाक्यात आला.

गावापासून रुग्णालयापर्यंतची वाट

तथापि रुग्णालये वाढली म्हणजे रुग्णाची वाट सोपी झाली, असे नाही. तोंडात दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, स्तनात लागलेली गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव, ही लक्षणे प्रथम घरात दिसतात. तेथून गावचे आरोग्य केंद्र, मग तालुका, मग जिल्हा आणि शेवटी नागपूर, अशी ही वाट असते. तिच्यातील प्रत्येक थांब्यावर दिवस खर्च होतात. शहरात आल्यावरही तपासणी एकीकडे, तुकडा परीक्षा दुसरीकडे आणि उपचार तिसरीकडे झाला, की कागदपत्रांची पिशवी सांभाळीत नातेवाईक थकून जातात. तोंडाच्या कर्करोगाचे किरणोपचार आठवड्यातील पाच दिवस याप्रमाणे बहुधा सहा ते सात आठवडे चालतात. एवढे दिवस राहावयाचे कोठे, जेवावयाचे काय आणि बुडालेल्या मजुरीचे काय, या प्रश्नांपुढे हरून अनेक जण उपचार अर्धवट टाकून गावी परततात. अर्धवट राहिलेला उपचार पुष्कळदा न केलेल्या उपचारासारखाच ठरतो.

ही वाट सुकर करण्याचे काम एकट्या डॉक्टरांचे नाही आणि एकट्या शासनाचेही नाही. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांच्या मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा शासकीय कार्यक्रम आहे; पण तपासणीस लोकांना घेऊन येणारा विश्वासाचा माणूस गावातच असावा लागतो. रुग्णालयात कोणत्या खिडकीवर जावे, योजनेसाठी कोणते कागद लागतात, हे सांगणारा सोबती लागतो. रुग्णालयाजवळ अल्प दरात निवारा आणि सात्त्विक भोजन लागते. आणि जेथे रोग बरा होणे शक्य नाही, तेथे वेदना कमी करणारी, अखेरपर्यंत हात धरून बसणारी शुश्रूषा लागते. महाराजांनी गावोगावी सेवा मंडळे उभारली, प्रार्थनेतून माणसे एकत्र आणली, स्त्रियांना पुढे केले आणि व्यसनांविरुद्ध लढा दिला. आजच्या कर्करोग सेवेला जे हवे आहे, त्याचा पाया त्या कार्यातच घातलेला आहे.

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला हे चारही लागतात: उपचारकाळात अन्न, वेळेवर औषध, रोगाची खरी माहिती आणि भयाने खचलेल्या मनाला धीर. औषधाची उणीव पैशाने भरून निघेल; माहिती आणि धीर देण्यासाठी मात्र माणसालाच रुग्णाजवळ जाऊन बसावे लागते. राष्ट्रसंतांच्या नावाचे दार नागपुरात उभे आहे. गावातील शेवटचा रुग्ण त्या दाराशी वेळेत पोहोचावा आणि बरा होऊन परतावा, यासाठी झालेला प्रत्येक प्रयत्न हेच त्या महापुरुषाला खरे अभिवादन ठरेल.