स्वरांच्या मोलाने आलेली शस्त्रे : सुधीर फडके आणि सिल्वासा

गीतरामायणाचे पहिले गीत पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी प्रसारित झाले. त्यानंतर वर्षभर ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे स्वर महाराष्ट्राच्या घराघरांत पोचत राहिले. एकूण गीते छप्पन्न. ज्या आवाजाने हे घडवले, तो आवाज त्याआधी अवघ्या आठ महिन्यांपूर्वी दमणगंगेच्या काठी एका सशस्त्र मोहिमेत गुंतलेला होता, हे उर्वरित महाराष्ट्र बहुधा विसरला आहे. या संघप्रदेशाला मात्र ते विसरता येत नाही. २ ऑगस्टचा मुक्तिदिन दरवर्षी येतो, तेव्हा बाबूजींचे नाव संगीतकार म्हणून नव्हे, तर मुक्तिसैनिक म्हणून घेतले जाते.

त्यांचे मूळ नाव राम विनायक फडके. जन्म कोल्हापूरचा, २५ जुलै १९१९ चा. वडील वकील होते. परंतु आईच्या निधनानंतर घराची घडी विस्कटली आणि मुलाच्या वाट्याला दारिद्र्य आले. गाण्याचे शिक्षण वामनराव पाध्ये यांच्याकडे झाले. पुढची काही वर्षे गावोगाव हिंडण्यात, मिळेल ते काम करण्यात आणि अनेकदा उपाशी झोपण्यात गेली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेशी आलेला संबंध याच काळातला, आणि तो अखेरपर्यंत टिकला. १९४१ साली एचएमव्हीत प्रवेश झाला, मग प्रभातमध्ये काम मिळाले, आणि स्वातंत्र्य उजाडले तेव्हा फडके हे मराठी चित्रपटसंगीतातले स्थिरावलेले नाव होते. १९४९ साली गायिका ललिता देऊळकर यांच्याशी विवाह झाला. १९५४ उजाडले तेव्हा त्यांचे वय चौतीस होते, घरी लहान मुलगा होता, हाती भरपूर काम होते. गमावण्याजोगे जे काही माणसाजवळ असते, ते सारे त्यांच्याजवळ नुकतेच कुठे जमा झाले होते.

दादरा आणि नगर हवेली त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातील १७७९ च्या तहानुसार, एका जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी महसुलासाठी दिलेली ही गावे पुढे पोर्तुगालने आपलीच मानली. चहूबाजूंनी भारत स्वतंत्र झाला, तरी सिल्वाशाच्या कचेरीवर पोर्तुगीज निशाण राहिले. राजा वाकणकर आणि नाना काजरेकर यांनी या परिसरात वारंवार येऊन वाटा, नाले, चौक्या आणि माणसे पाहून ठेवली. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, राष्ट्रीय मुक्ती चळवळ संघटना आणि संघाचे स्वयंसेवक असे निरनिराळे प्रवाह १९५४ च्या पूर्वार्धात एकाच दिशेने सरकू लागले. मोहिमेच्या या आखणीत फडके होते.

आखणी झाली, माणसेही होती. अडचण शस्त्रांची होती. गीतरामायणाच्या गायकाच्या चरित्रात पिस्तुलाचा विषय चमत्कारिक वाटेल. पण तो टाळून हे चरित्र पुरे होत नाही.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानातील सामान्य माणसाच्या हातून बंदूक काढून घेतली होती, आणि स्वातंत्र्यानंतरही १९५४ मध्ये तोच कायदा चालू होता. परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा गुन्हा, आणि शेजारच्या परकीय मुलुखात जाऊन चौकी घेण्यासाठी कोणी परवाना मागू शकत नव्हते. अशा परिस्थितीत प्रथमच शस्त्र शोधणाऱ्याची नजर सहजच जुन्याकडे वळते. सरदारांच्या आणि इनामदारांच्या वाड्यांत ठासणीच्या बंदुका होत्या, चांदीच्या नक्षीची पिस्तुले भिंतीवर टांगलेली होती. संग्राहकाला त्यांची भुरळ पडावी, अशाच त्या वस्तू. गारगोटीच्या ठिणगीने किंवा टोपीच्या स्फोटाने पेटणारे हे पिस्तूल देखणे खरे. पण नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी ठासावी, बार एकदा उडावा आणि पुन्हा ठासत बसावे, असा त्याचा व्यवहार. दारूला ओल लागली की बार उडतही नाही. जुलैअखेरच्या पावसात, नदीनाले ओलांडून येणाऱ्या माणसाच्या कमरेला असे पिस्तूल म्हणजे अलंकारच. पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याने वापरता न येणाऱ्या पुराणवस्तू-मोलाच्या हत्यारांना परवान्याच्या बंधनातून वगळले, त्यामागचा हिशेबही हाच आहे. जे चालत नाही, त्याचे राज्यकर्त्याला भय नसते.

ही गोष्ट बाबूजींच्या दैवताने पंचेचाळीस वर्षांपूर्वी ओळखलेली होती. विनायक दामोदर सावरकर यांनी १९०९ च्या प्रारंभी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस धाडली. चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या दुहेरी तळात ती दडवलेली होती. त्या काळी ब्राउनिंग हे अगदी अद्ययावत हत्यार होते. काडतुसांची पेटी मुठीतच बसे, एक गोळी सुटताच दुसरी आपोआप जागेवर येई, आणि बनावट इतकी चपटी की अंगरख्याखाली कळू नये. त्यांतलेच एक पिस्तूल २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या हाती होते. संस्कृत आणि भारतीय विद्येचा अभ्यासक असलेला जिल्हाधिकारी जॅक्सन तेथे मारला गेला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. आणि सावरकरांना पन्नास वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एका पिस्तुलामागे माणसांची किती आयुष्ये खर्ची पडतात, याचा हा ताळेबंद फडके यांच्या पिढीच्या स्वयंसेवकांना तोंडपाठ होता. तो ठाऊक असूनही ते या कामात पडले.

चालणारी शस्त्रे हवीत, तर पैसा हवा. त्यासाठी वर्गणीची पावतीपुस्तके छापून दारोदार फिरणे शक्य नव्हते. फडके यांच्यापाशी मात्र एक मार्ग होता, जो मोहिमेतल्या दुसऱ्या कोणापाशी नव्हता. चित्रपटसृष्टीतला त्यांचा शब्द मोलाचा होता. १९५४ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकर यांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला आणि त्याचे उत्पन्न मुक्तिसंग्रामाकडे वळले. लताबाई तेव्हा पंचविशीच्या आतच होत्या. तिकीट काढून समोर बसलेल्या पुणेकरांतल्या कितीजणांना कल्पना असेल की आपले चार-दोन रुपये कोणत्या वाटेने कुठे चालले आहेत?

तरीही सारी जमवाजमव झाल्यावर स्वयंसेवकांजवळची बंदूक-पिस्तुले मोजकीच होती. पलीकडे कॅप्टन फिदाल्गो यांच्या हाताखाली सुमारे दीडशे शिपाई होते. जे साधले, ते शस्त्रबळापेक्षा वेळेची निवड, अंधार, पाऊस आणि समोरच्याच्या मनात उभी केलेली मोठ्या फौजेची धास्ती यांमुळे साधले. युनायटेड फ्रंटने २२ जुलैच्या सुमारास दादरा घेतले; तिथल्या झटापटीत अनिसेतो रोझारियो हा पोलीस अधिकारी ठार झाला. २८ जुलैला नरोली मोकळी झाली. मग पिपरियाची चौकी पडली आणि २ ऑगस्टला सिल्वासा हाती आले. कचेरीवर तिरंगा चढला. फिदाल्गो यांनी आपली माणसे घेऊन खानवेलकडे माघार घेतली होती. ११ ऑगस्टला उदवा येथे ते भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाले. दमणहून कुमक आली नाही, कारण मधल्या भारतीय भूमीतून सशस्त्र तुकडी जाऊ देण्यास दिल्लीने नकार दिला.

हाच नकार घेऊन पोर्तुगाल १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० च्या निकालातील भेद बारकाईने वाचण्यासारखा आहे. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या येण्याजाण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना तो हक्क नाही, असे ठरवले, आणि भारताने कोणत्याही बंधनाचा भंग केला नसल्याचा निर्वाळा दिला. ज्या मोहिमेचा आरंभ शस्त्रे कशी आणावी या विवंचनेतून झाला, तिचा कायदेशीर शेवटही शस्त्रांच्या वाटेवरच झाला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश विधिवत भारतात आला.

मोहीम संपल्यावर फडके मुंबईला परतले आणि पुन्हा गाऊ लागले. ‘जगाच्या पाठीवर’, ‘सुवासिनी’, हिंदीतला ‘भाभी की चूडियाँ’ ही त्यांच्या पुढल्या काही वर्षांतली कामे. त्यांचा तपशील मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. मात्र १९५४ च्या मोहिमेचे एक ऋण त्यांनी मनात जपून ठेवले होते. दादरा-नगर हवेलीच्या लढ्यातले त्यांचे एक सहकारी मोहन रानडे पुढे गोव्यात शिरले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी अवस्थेत पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची झाली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. सरकारी पातळीवर त्यांची आठवणही पुसट होत चालली होती. फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती उभी केली, सभा घेतल्या, दिल्लीच्या दारात खेटे घातले. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. कीर्ती मिळाल्यावर माणसे जुन्या सोबत्यांसाठी एखादे पत्र लिहितात. वर्षानुवर्षे असा पाठपुरावा करणारा विरळाच.

उतारवयात त्यांनी आणखी एक भार शिरावर घेतला. सावरकरांच्या जीवनावर चित्रपट काढायचा आणि तो लोकांच्या पैशातून काढायचा. निधी तुटपुंजा, काम वारंवार अडलेले, प्रकृती खालावत चाललेली. व्यवहार जाणणाऱ्या हितचिंतकांना हा हट्ट न पटण्याजोगाच होता; संगीतकार म्हणून उमेदीची जी वर्षे उरली होती, ती त्यात गेली, ही हळहळ रसिकांत आजही ऐकू येते आणि ती अनाठायी नाही. पण ज्या आवाजाच्या ओळखीवर हिराबागेत शस्त्रांसाठी पैसा उभा राहिला होता, त्याच आवाजाच्या पुण्याईवर आता लंडनहून पिस्तुले धाडणाऱ्याच्या चरित्रासाठी पैसा उभा राहिला. वेद राही यांनी दिग्दर्शित केलेला ‘वीर सावरकर’ २००१ साली पडद्यावर आला.

पुढच्या वर्षी, २५ जुलै २००२ रोजी, बाबूजींनी त्र्याऐंशी वर्षे पूर्ण केली. चार दिवसांनी, २९ जुलैला, मुंबईत त्यांचे निधन झाले. सिल्वाशात मुक्तिदिनाची तयारी तेव्हा सुरू होती.