दारू सुटली, गिटार सुटली नाही

२८ सप्टेंबर १९८६. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन या शहरात एक कार्यक्रम संपला आणि त्या रात्री गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन याला रक्ताच्या उलट्या होऊ लागल्या. पाच दिवसांनी तो ३२ वर्षांचा होणार होता. अमेरिकी ब्लूज-रॉक संगीतातला त्या काळचा तो सर्वांत गाजलेला वादक. त्याचे तीन अल्बम लोकप्रिय झाले होते आणि चौथा वाटेवर होता. पण शरीरातले पाणी धोकादायक पातळीपर्यंत कमी झाले होते आणि जठराचे अस्तर दारूने पार खराब केले होते. लंडनमध्ये त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा निष्कर्ष स्पष्ट होता : हे असेच चालू राहिले, तर हातात जेमतेम महिनाभर आहे.

त्यानंतर स्टीव्ही जवळजवळ चार वर्षे जगला आणि दारूशिवाय जगला. या चार वर्षांत त्याने जे वाजवले, त्याने एका जुन्या समजुतीला उत्तर दिले. कलावंताची प्रतिभा आणि त्याची नशा एकाच बाटलीत असते, ही ती समजूत. स्टीव्हीचाही तिच्यावर विश्वास होता. म्हणूनच दारू सोडण्याइतकीच त्याला दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाची भीती वाटत होती.

घरातच होती बाटली

स्टीव्हीचा जन्म ३ ऑक्टोबर १९५४ चा, टेक्सासमधल्या डॅलस शहरातला. वडील ॲस्बेस्टॉसच्या कामावर मजुरी करत. कामासाठी कुटुंबाला सतत गाव बदलावे लागे. वडिलांना दारूचे व्यसन होते आणि पिऊन आले की त्यांचा राग अनावर होई. धाकटा स्टीव्ही लाजाळू आणि भित्रा होता. साडेतीन वर्षांनी मोठा असलेला भाऊ जिमी गिटार शिकू लागला, तसे त्याचे पाहून स्टीव्हीनेही वाद्य हातात घेतले. सातव्या वर्षी त्याला खेळण्यातली गिटार मिळाली. स्वरलिपी त्याला कधीच वाचता आली नाही. तबकड्या ऐकायच्या आणि कानाने उचलायचे, एवढेच त्याचे शिक्षण.

याच वयात आणखी एक गोष्ट सुरू झाली. वडिलांच्या पेल्यातली दारू तो चोरून पिऊ लागला. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे निव्वळ खोडकरपणा म्हणून सोडून देता येत नाही. जुळ्या भावंडांवर आणि दत्तक मुलांवर झालेल्या अभ्यासांतून असे दिसते, की मद्यासक्तीचा धोका साधारण निम्मा आनुवंशिकतेतून येतो. उरलेला निम्मा वाटा परिस्थितीचा : घरातले वातावरण, ताण, दारूची सहज उपलब्धता आणि पहिला घोट कोणत्या वयात घेतला गेला. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे विचार करून स्वतःला आवरणारा भाग, विशीच्या मध्यापर्यंत पूर्ण तयार होत नाही. त्याआधी जितक्या लवकर दारू सुरू होते, तितकी पुढे व्यसन जडण्याची शक्यता वाढते. स्टीव्हीच्या बाबतीत यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याच्या विरोधात होती. व्यसन हा चारित्र्याचा दोष मानणाऱ्यांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी.

ऑस्टिन ते कार्नेगी हॉल

शाळा अर्धवट सोडून सतरा-अठराव्या वर्षी स्टीव्ही ऑस्टिनला गेला. तिथल्या छोट्या क्लबांत रात्रभर वाजवायचे, मिळेल तिथे झोपायचे, अशी काही वर्षे गेली. १९७८ मध्ये 'डबल ट्रबल' हा त्याचा चमू उभा राहिला. ड्रमवर ख्रिस लेटन आणि १९८१ पासून बास गिटारवर टॉमी शॅनन. स्टीव्ही गिटारला नेहमीपेक्षा खूप जाड तारा लावी आणि त्या अर्धा स्वर उतरवून लावी. त्यातून भरदार, घुमणारा नाद निघे. पण बोटांची कातडी सोलवटून निघे. अशा वेळी बोटांच्या टोकांवर चिकटद्रव्य लावून तो वाजवत राही.

क्लबांच्या त्या जगात दारू आणि कोकेन दोन्ही सहज मिळत. डिसेंबर १९७९ मध्ये ह्यूस्टन येथे कोकेन बाळगल्याबद्दल त्याला अटक झाली आणि दोन वर्षे न्यायालयाच्या देखरेखीखाली राहावे लागले. सुधारण्याची ती पहिली संधी होती. ती वाया गेली.

जुलै १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रो महोत्सवात डबल ट्रबलने वाजवले. तेव्हा त्यांचा एकही अल्बम निघालेला नव्हता. प्रेक्षकांतल्या काहींनी त्यांची हुर्यो उडवली. मात्र तिथे त्यांना दोन जाणकार कान भेटले. डेव्हिड बोवीने स्टीव्हीला आपल्या 'लेट्स डान्स' या अल्बमसाठी बोलावले, तर जॅक्सन ब्राऊनने लॉस एंजेलिसमधला स्वतःचा स्टुडिओ विनामूल्य वापरायला दिला. तिथे जेमतेम तीन दिवसांत झालेले ध्वनिमुद्रण 'टेक्सास फ्लड' या नावाने १९८३ मध्ये बाजारात आले आणि ब्लूजला उतरती कळा लागली असे म्हणणाऱ्यांना गप्प बसावे लागले. १९८४ मध्ये दुसरा अल्बम आला. त्याच वर्षी, तिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. १९८५ मध्ये तिसरा अल्बम निघाला.

यश वाढत गेले तसे दौरे वाढले आणि दौऱ्यांबरोबर पिणेही. व्हिस्कीची बाटली आणि कोकेन हा रोजचा शिधा झाला. चौथ्या अल्बमसाठी १९८६ मध्ये केलेल्या थेट कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणात इतक्या चुका निघाल्या, की बरेचसे भाग स्टुडिओत पुन्हा वाजवून जोडावे लागले. ज्याच्या हातून चूक होत नाही अशी ख्याती, त्याच्या वादनावर व्यसनाचा परिणाम आता उघड दिसू लागला होता.

दोन विषांची युती

दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या 'ग्लूटामेट'चा परिणाम दाबते. रोज दारू मिळू लागली, की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेने जोर लावतो. त्यामुळे तेवढ्याच परिणामासाठी जास्त दारू लागते. आणि दारू अचानक थांबली, तर तो उलटा जोर मोकाट सुटतो : हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, झटके येतात, काहींना भास होतात. या अवस्थेत मृत्यूही येऊ शकतो. म्हणूनच अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी, एका झटक्यात दारू बंद करणे धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते.

कोकेन याच्या उलट काम करते. ते मेंदूतील डोपामिनला रेंगाळत ठेवते आणि माणसाला कृत्रिम तरतरी देते. दारूने आलेली गुंगी कोकेन झाकते, म्हणून माणूस आणखी पितो. कोकेनची अस्वस्थता दारू शमवते, म्हणून आणखी कोकेन घेतो. दोन्ही एकत्र शरीरात गेली, की यकृतात 'कोकाइथिलीन' नावाचे तिसरेच रसायन तयार होते. ते कोकेनपेक्षा अधिक काळ टिकते आणि हृदयावर अधिक ताण आणते. जठराचे अस्तर दारूमुळे आधीच सुजलेले असते. त्यातून रक्तस्राव सुरू झाला, की रक्ताची उलटी होते. लुडविग्सहाफेनला नेमके हे घडले.

विमानातला शेवटचा पेला

त्याच्या महिनाभर आधी, २७ ऑगस्ट १९८६ रोजी, स्टीव्हीचे वडील वारले. त्यांना पार्किन्सन्सचा आजार होता. अंत्यविधी आटोपून स्टीव्हीला लगेच पुढच्या कार्यक्रमाला जावे लागले. शोक करायला उसंत नव्हती. प्यायला मात्र होती.

लंडनमध्ये उपचार चालू असतानाच २ ऑक्टोबरला तो पुन्हा मंचावर उभा राहिला. कार्यक्रम संपवून उतरताना तोल जाऊन पडला आणि पाय दुखावून घेतला. उरलेला दौरा रद्द झाला. आता त्याने स्वतःच मदत मागितली. आई मार्था त्याच्याजवळ आली होती. मात्र अमेरिकेला परतताना विमानात त्याने आईकडून थोडे पैसे मागून घेतले आणि त्याची दारू प्यायली. व्यसनमुक्ती केंद्राच्या वाटेवर असलेल्या माणसाने हे करावे, याचे अनेकांना नवल वाटेल. व्यसनाची जबरदस्ती काय असते, हे यातून कळते. दारू सोडायची इच्छा आणि दारूची ओढ एकाच माणसात एकाच वेळी असतात. इच्छा खोटी असते असे नाही. ती एकटी पुरत नाही, इतकेच.

ऑक्टोबर १९८६ मध्ये तो जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथील पीचफर्ड रुग्णालयात दाखल झाला. त्याच सुमारास टॉमी शॅननही ऑस्टिनमध्ये उपचारांसाठी भरती झाला. त्यालाही तेच व्यसन होते. ही गोष्ट महत्त्वाची ठरली. व्यसनमुक्त होऊन माणूस जुन्याच कंपूत परतला, की पहिला आग्रह तिथेच होतो. इथे शेजारी उभा राहून बास वाजवणारा मित्रही त्याच वाटेवर होता.

सुमारे महिनाभराच्या उपचारांत शरीरातले विष उतरवणे हा पहिला आणि छोटा टप्पा होता. खरे काम त्यानंतरचे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी दोन मद्यासक्तांनी सुरू केली. त्यांतला एक शेअर दलाल होता, तर दुसरा शल्यचिकित्सक. महाराष्ट्रातही तिचे गट नियमित भरतात. आपले दारूपुढे काही चालत नाही, ही कबुली तिच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी. पुढे स्वतःच्या वागण्याची झडती, दुखावलेल्यांची भरपाई आणि नव्याने येणाऱ्याला मदत. आयुष्यभराची शपथ कोणी घेत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही. हे साधे दिसणारे सूत्र किती उपयोगी पडते, याचा शास्त्रीय आढावा २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, या बारा पायऱ्यांकडे पद्धतशीर नेणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात दिसले. आज त्यांच्या जोडीला ओढ कमी करणारी औषधेही आहेत. स्टीव्हीच्या वेळी ती फारशी नव्हती.

शुद्धीतले वादन

नोव्हेंबरमध्ये तो बाहेर पडला आणि काही दिवसांतच मंचावर गेला. लहानपणापासून दारूशिवाय वाजवल्याची त्याला आठवणच नव्हती. हात चालतील का, सुचेल का, लोकांसमोर उभे राहता येईल का, या प्रश्नांची उत्तरे वाजवूनच मिळणार होती. ती मिळाली. बोटे तीच होती. आता ती काय करताहेत हे त्याला ऐकू येत होते. दौऱ्यात तो गावोगावच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकींना जाऊ लागला. दोन गाण्यांच्या मध्ये श्रोत्यांना स्वतःच्या व्यसनाबद्दल मोकळेपणाने सांगू लागला. गायिका आणि गिटारवादक बॉनी रेट हिने याच काळात दारू सोडली. शुद्धीत वाजवणारा स्टीव्ही पाहून आपल्याला धीर आला, याचे श्रेय तिने त्याला उघडपणे दिले.

सारेच सुरळीत झाले असे नाही. लग्न मोडले आणि घटस्फोटाचे प्रकरण बराच काळ रेंगाळले. पण पूर्वी जे घडले की बाटली उघडली जायची, ते आता बैठकीत बोलले जाऊ लागले. १९८९ मध्ये 'इन स्टेप' हा अल्बम आला. त्याच्या नावातच त्या पायऱ्यांचा संदर्भ होता आणि त्यातली काही गाणी व्यसन नाकारण्याच्या वृत्तीवर व सावरण्याच्या कसरतीवर होती. समकालीन ब्लूजसाठीचा ग्रॅमी पुरस्कार त्याला मिळाला. जानेवारी १९९० मध्ये डॅलसच्या एका बैठकीत त्याने आपली सारी कहाणी सांगितली. ज्या गावात त्याने बापाचा पेला चोरला होता, तेच हे गाव. त्याच वर्षी त्याने जिमीबरोबर पहिल्यांदाच पूर्ण अल्बम केला.

२६ ऑगस्ट १९९० च्या रात्री विस्कॉन्सिनमधल्या अल्पाइन व्हॅली येथे एरिक क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे आणि जिमी यांच्यासोबत तो शेवटचे वाजवला. मध्यरात्रीनंतर दाट धुक्यात निघालेले हेलिकॉप्टर जवळच्या टेकडीवर आदळले. स्टीव्हीसह पाचही जण ठार झाले. तारीख होती २७ ऑगस्ट, वडिलांच्या मृत्यूला बरोबर चार वर्षे झाली होती. डॅलसच्या दफनभूमीत त्याला वडिलांशेजारीच पुरण्यात आले. भावासोबतचा अल्बम पुढच्या महिन्यात आला.

तो वयाच्या ३५ व्या वर्षी गेला, म्हणून व्यसनमुक्तीचा खटाटोप व्यर्थ गेला असे कोणी म्हणेल. पण डॉक्टरांनी दिलेल्या एका महिन्याची त्याने जवळजवळ चार वर्षे केली. त्यांत आईला तिचा मुलगा मिळाला, जिमीला भाऊ मिळाला आणि श्रोत्यांना त्याचे उत्तम वादन मिळाले. बाप आणि मुलगा या दोघांनाही एकच आजार होता. फरक एवढाच, की मुलाने त्याला आजार म्हटले आणि उपचार घेतले. ज्या घरात आज कोणी बाटलीशी झुंजत असेल, त्या घराने लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच आहे. त्या माणसाला उपदेशाआधी डॉक्टरांकडे न्यावे. एकदा घसरला म्हणून त्याला सोडून देऊ नये. विमानात प्यायलेला माणूसही सावरू शकतो.