हातांनी ऐकलेले हृदय

कळंबा तलावाकाठी धावणारे एखादे मूल मध्येच उकिडवे बसते, ओठ निळसर पडतात. हे नुसते दमणे नसते.

अशा मुलांना आयुष्य दिले अमेरिकेच्या डॉ. हेलन टाउसिग (१८९८-१९८६) यांनी. अकराव्या वर्षी आई गेली. स्त्री म्हणून हार्वर्डने वैद्यकीच्या पदवीला प्रवेश नाकारला. पुढे ऐकू येईनासे झाले, तेव्हा बाळाच्या छातीवर हात ठेवून त्या हृदय ओळखू लागल्या. फुफ्फुसाकडे रक्त कमी जाते, तर नवी वाट काढून द्यावी, हे त्यांना सुचले. व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत घडवलेली ती शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरला डॉ. ब्लालॉक यांनी केली.

दूध पिताना बाळाला धाप लागते, घाम येतो, वजन वाढत नाही? दृष्ट काढत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. निदानाची सुरुवात आजही आईच्याच नजरेने होते.