पाण्याखालून पोहणे पाहणारे डॉक

म्युनिक येथे १९७२ साली झालेल्या ऑलिम्पिकमध्ये मार्क स्पिट्झ या अमेरिकन जलतरणपटूने सात सुवर्णपदके मिळवली आणि सातही शर्यतींत विश्वविक्रम नोंदले गेले, ही गोष्ट आपल्याकडेही क्रीडापाने नियमित वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. हा खेळाडू त्याआधी चार वर्षे ज्या विद्यापीठाच्या संघात होता, त्या संघाच्या प्रशिक्षकाचे नाव मात्र जलतरणाच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणी घेत नाही. इंडियाना विद्यापीठाचे जेम्स एडवर्ड काउन्सिलमन हे ते प्रशिक्षक. ते पीएच.डी. होते, प्राध्यापक होते आणि विद्यार्थ्यांसाठी नुसतेच डॉक होते. पोहण्याच्या शास्त्रावर विसाव्या शतकात जे काही लिहिले, बोलले आणि शिकवले गेले, त्यातील फार मोठा भाग त्यांच्या कामाला धरून किंवा त्याला विरोध करत उभा राहिला आहे.

काउन्सिलमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९२० रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे झाला. बालपण गेले ते सेंट लुईसमध्ये. वडिलांचे छत्र घरावर नव्हते, आईनेच मुलांना वाढवले. तेथील वायएमसीएच्या तलावावर अर्नी व्हॉर्नब्रॉक या प्रशिक्षकांच्या हाताखाली त्यांनी ब्रेस्टस्ट्रोक घोटवला. शाळा संपल्यावर लगेच महाविद्यालयात जाण्याचा योग आला नाही. विशी उलटताना ते ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाले. तेथील प्रशिक्षक माइक पेपे हे महाविद्यालयीन जलतरणातील त्या काळचे सर्वात दबदबा असलेले नाव होते. १९४२ मध्ये काउन्सिलमन ब्रेस्टस्ट्रोकचे राष्ट्रीय विजेते ठरले. पण तोपर्यंत अमेरिका महायुद्धात उतरली होती. पोहणे बाजूला ठेवून ते बी-२४ या अवजड बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक झाले. एका मोहिमेत त्यांना आपले विमान युगोस्लाव्हियाच्या भूमीवर कसेबसे आदळत उतरवावे लागले. युद्धकाळातील कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले.

युद्धावरून परतल्यावर त्यांनी राहिलेले शिक्षण पूर्ण केले आणि मग एक प्रश्न हाती घेतला. माणूस पाण्यात पुढे सरकतो तो नेमका कसा? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आपल्याकडे पाठीला सुका भोपळा बांधून मुलाला विहिरीत सोडणाऱ्या मामाला तो कधी पडला नसेल, पण तोवर तो जलतरणाच्या नामवंत प्रशिक्षकांनाही फारसा पडलेला नव्हता. प्रशिक्षक काठावर उभा राहून पाहत असे. काठावरून दिसतो तो हाताचा पाण्याबाहेरचा प्रवास. शरीर पुढे ढकलले जाते ते पाण्याखाली, आणि तेथे काय घडते हे परंपरेने सांगितलेले खरे मानले जाई. काउन्सिलमन यांनी इलिनॉय विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी बटरफ्लायच्या हालचालींचे चलच्चित्रीकरण करून विश्लेषण केले. त्यानंतर आयोवा विद्यापीठात फ्रीस्टाइलमध्ये हाताने लावल्या जाणाऱ्या बलाचा अभ्यास करून १९५१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. आयोवातच त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झालेल्या वॉल्टर रिसने १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले.

न्यूयॉर्क राज्यातील कोर्टलँड येथील शिक्षक महाविद्यालय ही त्यांची प्रशिक्षक म्हणून पहिली स्वतंत्र जागा. १९५२ मध्ये ते तेथे रुजू झाले. तेथे त्यांना जॉर्ज ब्रीन भेटला. महाविद्यालयात येईपर्यंत या मुलाने स्पर्धेसाठी असे पोहणे जवळजवळ केलेच नव्हते. शिवाय त्याची शैली पुस्तकाला न मानवणारी होती. हातांच्या एका पूर्ण आवर्तनात पायांचे सहा फटके बसले पाहिजेत, असा तेव्हा दंडक होता. ब्रीन दोनच फटके मारी, तेही पाय एकमेकांवरून नेत. दुसऱ्या एखाद्या प्रशिक्षकाने हे वळण मोडण्यात वर्ष घालवले असते. काउन्सिलमन यांनी ते पाहिले, त्यातून शरीराचा तोल कसा राखला जातो हे समजून घेतले आणि तसेच राहू दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ब्रीनने १५०० मीटरच्या प्राथमिक फेरीत १७ मिनिटे ५२.९ सेकंद असा विश्वविक्रम केला. अंतिम शर्यतीत मात्र मरे रोझ आणि त्सुयोशी यामानाका यांच्यामागे त्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

१९५७ मध्ये काउन्सिलमन ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात आले आणि पुढील तेहतीस वर्षे तेथेच राहिले. समुद्राचा मागमूसही नसलेल्या मक्याच्या शेतांच्या या प्रदेशात जगातील उत्तम जलतरणपटू गोळा होऊ लागले. चेट जॅस्ट्रेम्स्की हा त्यांतील एक. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय रुंद फाकवून मग जोराने जुळवायचे आणि त्या पाचरीत सापडलेले पाणी मागे फेकायचे, असा तोवरचा समज होता. पाण्याखालील चित्रफिती पाहून काउन्सिलमन यांनी ठरवले की हा समज टिकत नाही. गुडघे जवळ ठेवून पावलांनी चाबकासारखा अरुंद फटकारा मारणे अधिक परिणामकारक, असे त्यांचे निदान होते. गुरुशिष्यांनी मिळून ही शैली घडवली. १९६१ च्या उन्हाळ्यात जॅस्ट्रेम्स्कीने १०० मीटरचा विश्वविक्रम काही आठवड्यांत सहा वेळा सुधारला आणि १ मिनिट ७.५ सेकंदांवर आणून ठेवला. १०० यार्डांचे अंतर ब्रेस्टस्ट्रोकने एका मिनिटाच्या आत कापणारा पहिला जलतरणपटूही तोच. पुढे तो डॉक्टर झाला.

सराव घेण्याची त्यांची पद्धतही निराळी होती. ठरावीक अंतर वेगाने पोहायचे, मोजकी विश्रांती घ्यायची आणि पुन्हा सुटायचे, ही धावपटूंची इंटरव्हल पद्धत जलतरणात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यासाठी तलावाकाठी मोठ्या सेकंदकाट्याचे घड्याळ लावण्याची प्रथा रूढ करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. प्रशिक्षकाच्या शिट्टीवर अवलंबून न राहता प्रत्येक मुलगा स्वतःची वेळ स्वतः पाहू लागला, हा त्यातला मोठा बदल. सरावातील कष्टांची त्यांनी चढती श्रेणी मांडली होती. आधी दुखणे, मग वेदना आणि शेवटी यातना. शरीरात खरा बदल या शेवटच्या टप्प्यात होतो, असे ते खेळाडूंना शिकवत. आणि हाच कठोर माणूस चांगल्या कामगिरीबद्दल विशीतल्या विक्रमवीरांना बक्षीस म्हणून जेलीच्या गोळ्या वाटत असे! मुलेही त्या गोळ्यांसाठी जीव तोडून पोहत, हे विशेष.

या सगळ्या उत्कर्षाला एक मोठे ग्रहण लागले. १९६० मध्ये एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांच्या शिखर संस्थेने इंडियाना विद्यापीठावर चार वर्षांची बंदी घातली. कारण होते फुटबॉल संघासाठी खेळाडू मिळवताना झालेल्या नियमभंगाचे. शिक्षा मात्र विद्यापीठाच्या सर्व संघांना झाली. पोहणाऱ्या मुलांचा यात सुतराम संबंध नव्हता. रोम ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक जिंकून आलेला माइक ट्रॉय, बॅकस्ट्रोकमधील फ्रँक मॅकिनी आणि टॉम स्टॉक, मिडलेतील टेड स्टिकल्स, शिवाय जॅस्ट्रेम्स्की हे सारे एकाच वेळी एकाच तलावात सराव करत होते. त्या काळातील जगातील सर्वात बलाढ्य महाविद्यालयीन संघ म्हणून आजही जाणकार त्याच संघाकडे बोट दाखवतात. पण महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव नाही. मध्यपश्चिमेतील विद्यापीठांच्या बिग टेन गटाची स्पर्धा आणि हौशी संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धा तेवढ्या त्यांना खुल्या राहिल्या, आणि तेथे त्यांनी वर्चस्व गाजवले.

महाविद्यालयीन खेळाडूच्या वाट्याला मोजून तीन-चार हंगाम येतात. गेलेले वर्ष परत मिळत नाही. अशा वेळी खेळाडूंनी संघ सोडून दुसरीकडे जाणे अगदी स्वाभाविक होते. तरीही ब्लूमिंग्टनचा तलाव ओस पडला नाही. संघातील मुले टिकली, नवीही येत राहिली. काउन्सिलमन यांच्या साऱ्या कारकिर्दीत प्रस्तुत लेखकाला ही गोष्ट पदकांच्या संख्येहून मोठी वाटते. आपण ज्या स्पर्धेत उतरूच शकत नाही, तिच्या विजेत्यांपेक्षा वेगाने पोहण्यासाठी रोज पहाटे पाण्यात उतरायचे, ही गोष्ट केवळ घड्याळ आणि कॅमेरा यांच्या बळावर साधत नाही.

उड्यांच्या विभागाचा उल्लेख न करता पुढे जाणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत महाविद्यालयीन संघाचे गुण पोहणे आणि डायव्हिंग मिळून मोजले जातात. १९५९ मध्ये होबी बिलिंग्जली डायव्हिंगचे प्रशिक्षक म्हणून इंडियानात आले. तेही ओहायो स्टेटचे, म्हणजे पेपे यांच्याच तालमीतले. सूर मारताना शरीर हवेत फिरते ते कोणत्या नियमांनी, याचा भौतिकशास्त्राच्या आधारे विचार करणारे ते दुसरे गृहस्थ. त्यांच्या हाताखालील केन सिट्झबर्गरने १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्प्रिंगबोर्डचे सुवर्णपदक मिळवले. बिलिंग्जली यांनी सिंथिया पॉटरसारख्या मुलींनाही घडवले. काउन्सिलमन यांचा संघ मात्र मुलांचाच राहिला. त्या काळातील अमेरिकन महाविद्यालयांत स्त्रियांच्या खेळाला मिळणारे दुय्यम स्थान ब्लूमिंग्टनच्या सुवर्णयुगातही कायम होते, हे नोंदवायलाच हवे.

बंदी उठल्यानंतरही राष्ट्रीय विजेतेपद लगेच हाती आले नाही. सदर्न कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड यांनी ते अडवून धरले. अखेर १९६८ मध्ये इंडियानाने ते जिंकले आणि मग १९७३ पर्यंत सलग सहा वेळा राखले. बिग टेनचे विजेतेपद तर १९६१ ते १९८० अशी ओळीने वीस वर्षे त्यांच्याकडेच होते.

स्पिट्झ आला तो जानेवारी १९६९ मध्ये. आदल्या वर्षी मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये सहा सुवर्णपदके जिंकण्याची भाषा करून गेलेला हा अठरा वर्षांचा मुलगा सांघिक शर्यतींतील दोनच सुवर्णपदके घेऊन परतला होता. २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत तर तो शेवटचा आला. त्याच्या बोलण्यामुळे सहकारी दुरावले होते, आणि तो ज्यू असल्यामुळे होणाऱ्या टोचणीचीही त्यात भर होती. मेक्सिकोच्या त्याच अमेरिकन संघातील काही जण इंडियानाचे विद्यार्थी होते. अशा तलावात त्याला आणणे म्हणजे जोखीम होती. काउन्सिलमन यांनी संघाला विश्वासात घेतले आणि जुने हिशेब बाजूला ठेवून या मुलाला नव्याने स्वीकारण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. स्पिट्झने महाविद्यालयीन स्पर्धेत आठ वैयक्तिक विजेतेपदे मिळवली आणि शेवटच्या वर्षी त्याच संघाचा तो सहकर्णधार होता. म्युनिकच्या यशाचे सारे श्रेय काउन्सिलमन यांना देणे योग्य ठरणार नाही. कॅलिफोर्नियातील शर्म शाव्हूर यांनी त्याला किशोरवयापासून घडवले होते आणि उन्हाळ्यात तो त्यांच्याकडेच सराव करी. परंतु मेक्सिकोत खचलेल्या मुलाला पुन्हा माणसांत आणण्याचे काम ब्लूमिंग्टनमध्ये झाले.

१९६८ मध्येच त्यांचा सायन्स ऑफ स्विमिंग हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अनेक देशांतील प्रशिक्षकांनी तो पाठ्यपुस्तकासारखा वापरला. यानंतर त्यांनी केलेला प्रयोग मोठा देखणा होता. जलतरणपटूंच्या हातांना लहान दिवे बांधायचे, तलाव अंधारा करायचा आणि पाण्याखालून छायाचित्रे घ्यायची. छायाचित्रात हाताच्या मार्गाची प्रकाशरेषा उमटे. ती सरळ मागे जाणारी नव्हती, वळणावळणाची होती. हात वल्ह्यासारखा सरळ मागे ओढावा, हे पूर्वी त्यांनी स्वतःही मानलेले तत्त्व त्यामुळे डळमळले. १९७१ मध्ये त्यांनी बर्नुलीच्या तत्त्वाचा आधार घेऊन मांडले की हाताचा पंजा विमानाच्या पंखासारखे काम करतो आणि बाजूने कापत जाताना उचल निर्माण करतो. मांडणी करणारा एकेकाळी बॉम्बफेकी विमान चालवत होता, याची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

तब्बल दोन दशके जगभर पोहणाऱ्या मुलांना हात इंग्रजी एस अक्षरासारखा वळवायला शिकवले गेले. पुढे १९९० च्या दशकापासून संशोधकांनी दाखवून दिले की शरीर पुढे ढकलण्यात मागे रेटलेल्या पाण्याच्या रोधाचा वाटा काउन्सिलमन समजत होते त्याहून बराच मोठा आहे. म्हणजे त्यांची छायाचित्रे अस्सल होती, त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र पूर्ण बरोबर नव्हता. त्यांना दुरुस्त करणाऱ्यांनी वापरलेली पद्धत मात्र त्यांचीच होती.

ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या पुरुष संघाची धुरा त्यांनी दोनदा सांभाळली. १९६४ मध्ये टोकियोत दहापैकी सात शर्यती अमेरिकेने जिंकल्या. १९७६ मध्ये माँट्रियलला तर तेरापैकी बारा! ब्रिटनच्या डेव्हिड विल्कीने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकली, तेवढाच अपवाद. त्याच स्पर्धेत इंडियानाचा जिम माँटगोमेरी १०० मीटर फ्रीस्टाइल ५० सेकंदांच्या आत पोहणारा पहिला माणूस ठरला. त्याची वेळ होती ४९.९९ सेकंद.

यानंतर एखाद्याने निवृत्तीचा विचार केला असता. काउन्सिलमन यांनी इंग्लिश खाडी पोहण्याची तयारी सुरू केली. मिहिर सेन आणि आरती साहा यांच्यामुळे या खाडीचे नाव आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून घरोघरी पोहोचले आहे, तेव्हा तेथील थंड पाणी आणि उलटसुलट प्रवाह यांबद्दल वेगळे सांगायला नको. १४ सप्टेंबर १९७९ रोजी १३ तास ७ मिनिटांत त्यांनी ती पार केली. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते आणि ही कामगिरी करणारे तोवरचे सर्वात वयस्क जलतरणपटू ठरले. इतरांना यातनांची श्रेणी शिकवणाऱ्या माणसाने ती स्वतःच्या अंगावरही घेऊन पाहिली.

त्यांच्या पाण्याखालील चित्रीकरणात आणि संघाच्या व्यवहारात पत्नी मार्जरी यांची साथ सतत होती. १९९० मध्ये काउन्सिलमन निवृत्त झाले. कंपवाताने त्यांना घेरले होते. दुसऱ्यांच्या हालचाली सेकंदाच्या अंशापर्यंत मोजण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे स्वतःच्या हालचालींवरील नियंत्रण हळूहळू सुटत गेले. ४ जानेवारी २००४ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, ब्लूमिंग्टनमध्येच त्यांचे निधन झाले. इंडियाना विद्यापीठाने १९९० च्या दशकात बांधलेल्या नव्या तलावाला काउन्सिलमन आणि बिलिंग्जली अशी दोघांची नावे दिली आहेत. जोडीतील दुसरे, बिलिंग्जली, २०२२ मध्ये गेले.