रत्नागिरीचा थिबा राजा आणि त्याची मराठी वंशवेल

गेल्या मार्गशीर्षात कणकुंबीस जाण्याचा योग आला. गोव्याकडून चोर्ल्याचा घाट चढून आले म्हणजे खानापूर तालुक्यातले हे गाव लागते. इथे माऊलीचे देऊळ आहे आणि इथेच मलप्रभेचा उगम आहे. समुद्र पश्चिमेला हाकेच्या अंतरावर. पण हे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि सारा दक्षिण देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते.

मी गेलो होतो तो मात्र पाणी पाहायला नव्हे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापावयाचा घाट काही वडीलधाऱ्यांनी घातला आहे. आमच्या शाखेचा कागद माझ्याकडे तपासायला आला, त्यात आजोबांचे नाव, हुद्दा, मृत्यूची तिथी, त्यांच्याखाली माझे वडील व काका, सारे यथास्थित होते. पत्नीच्या जागी नुसती आडवी रेघ होती. माझी आजी गोव्याच्या कलावंतांच्या घरातली. लहानपणी आईचे बोट धरून ती घाट चढून आली आणि कणकुंबीस वाढली, एवढेच आम्हांला ठाऊक. दरबारात गाणाऱ्या माझ्या वडिलांचा गळा कुठून आला हे आमच्या घरात सर्वांना माहीत होते. पण कुलवृत्तांताच्या मंडळींना लग्नाची तिथी हवी होती, ती कोणाकडेच नव्हती.

कणकुंबीस काही सापडले नाही. देवळापाशी एका म्हातारीने सांगितले की घाटाखालची काही घरे पूर्वी इथे येऊन राहत, त्यांची जोती आता रानात गेली. परत येताना माझ्या मनात एकसारखा रत्नागिरीचा थिबा राजा येत होता. गाण्याच्या परीक्षा घ्यायला मी रत्नागिरीस जातो, तेव्हा एकदा तरी त्याच्या वाड्याकडे पाय वळतातच.

परागंदा झालेल्यांची वंशावळ शोधणे हे काही आपल्याकडचेच वेड नव्हे. इंग्रजांनी १७८८ पासून १८६८ पर्यंत सुमारे १,६०,००० कैदी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर नेऊन उतरविले. त्यांची नातवंडे हे मूळ लपवीत. पुढल्या पिढ्या मात्र आपला पूर्वज कोणत्या गलबतातून आला हे अभिमानाने सांगू लागल्या. आणि त्यांना ते सापडते, कारण सरकारने प्रत्येक कैद्याचे वय, गुन्हा, शिक्षा आणि गलबत लिहून ठेवले. अंदमानात १८५८ पासून गेलेल्यांचेही तसेच. पकडून नेलेल्या माणसाचा कागद होतो. आपल्या पायांनी घाट चढून आलेल्या मुलीचा होत नाही.

थिबाचे कागद तर गाडाभर आहेत. १ जानेवारी १८५९ रोजी मंडाले येथे त्याचा जन्म झाला. बाप मिंडन हा ब्रह्मदेशाचा कर्ता राजा. त्याला राण्या पुष्कळ आणि मुलगे त्याहून पुष्कळ. त्यांत थिबा कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. मुलगा विहारात शिकला, पाली ग्रंथांच्या परीक्षांत चमकला, आणि तसाच भिक्षूंच्या संगतीत राहता तर सुखी झाला असता असे मला वाटते. परंतु १८७८ मध्ये मिंडन वारला, आणि अंतःपुरातल्या एका बलाढ्य राणीने, आपल्या मुलीच्या हाती सत्ता राहावी म्हणून, हा मवाळ मुलगा गादीवर बसविला. ती मुलगी म्हणजे सुपयालत. थिबाची सावत्र बहीण आणि पट्टराणी. पुढच्याच वर्षी गादीवर हक्क सांगू शकतील अशा भाऊबंदांची, बायकामुलांसह, कत्तल झाली. ती राजाच्या आज्ञेने झाली की राणीच्या आणि मंत्र्यांच्या, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. राज्य त्याचे होते, तेव्हा तो डाग त्याच्यावरून पुसता येणार नाही. रत्नागिरीतल्या दुःखाच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट आपण विसरतो, ते बरोबर नाही.

सात वर्षांत राज्य गेले. निमित्त झाले सागवानाचे, आणि ते ज्या कंपनीमुळे झाले तिच्या नावात आपली मुंबई आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही ती कंपनी. ठरल्याहून अधिक ओंडके तोडून नेल्याबद्दल मंडालेच्या दरबाराने तिला मोठा दंड केला. इंग्रज सरकारला फ्रेंचांच्या तिथल्या हालचालींची धास्ती होतीच. निर्वाणीचा खलिता गेला आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावती नदीतून आगबोटींनी वर निघाली. लढाई अशी फारशी झालीच नाही. २९ नोव्हेंबर रोजी राजाने शरणागती दिली आणि त्याच दिवशी त्याला राण्यांसह बैलगाडीतून नदीकाठी आणून आगबोटीत चढविले. वाटेवर दुतर्फा रयत रडत होती. त्या गडबडीत एक प्रसिद्ध माणिक कर्नल स्लेडनच्या हाती सुरक्षित राहावे म्हणून गेले, असे राजाचे म्हणणे. ते त्याने पुढे सरकारकडे परोपरीने मागितले, मिळाले नाही.

ब्रह्मी दरबारात एकवीस ढोलांचे एक वर्तुळाकार वाद्य असते; वादक मध्ये बसतो आणि प्रत्येक ढोल निराळ्या स्वरात लावलेला असतो. स्वर लावण्यासाठी त्यावर भात आणि राख यांचा लेप देतात, आपण पखवाजाच्या धुमेला कणीक लावतो तसा. हे मला कळले तेव्हापासून तो राजा मला परका वाटत नाही. असो. ते सारे वैभव मागे राहिले.

प्रथम त्यांना मद्रासेस ठेवले; तिथे तिसरी मुलगी झाली. १६ एप्रिल १८८६ रोजी ही मंडळी बोटीने रत्नागिरीस उतरली. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद, मागे सह्याद्रीची भिंत. राजा पळणार कुठे? थोरल्या दोघी मुली मंडालेच्या, तिसरी मद्रासची, आणि चौथी १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. तैनात ठरली, पहारेकरी आले, खर्चाच्या वह्या सुरू झाल्या. सरकारी बंगल्यांत ही माणसे चोवीस वर्षे राहिली. तैनात पुरेना, तेव्हा बरोबर आणलेले जडजवाहीर एकेक करून विकले जाऊ लागले. सावकारांची कर्जे झाली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला दारूड्या ठरविले होते. पण विहारात वाढलेल्या या माणसाचे रत्नागिरीतले वर्तन त्याला साक्ष देत नाही. सणावारी तो सढळ हाताने देई, म्हणून गावातले लोक त्याचे नाव ममतेने घेत.

अखेर टेकडीवर, भाट्याची खाडी आणि समुद्र समोर दिसेल असा, जांभ्या दगडाचा तीन मजली वाडा बांधून झाला आणि १९१० च्या अखेरीस राजा त्यात राहावयास गेला. त्याच्या अर्धगोल खिडक्यांचे नक्षीकाम आजही पाहत राहावे असे आहे. नेमक्या याच वेळी, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात बसून गीतारहस्य लिहीत होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुढारी मंडालेत! दिल्लीचा बहादुरशहा त्याआधीच रंगूनला नेला होता आणि १८६२ मध्ये तिथेच वारला होता. माणसांची अशी अदलाबदल करण्यात त्या सरकारचा हात धरणारे कोणी नव्हते.

राजकन्या रत्नागिरीत वाढल्या. भोवती मराठी बोलणारी गडीमाणसे, त्यामुळे मराठी त्यांच्या तोंडी बसली. पण लग्ने व्हायची कोणाशी? राजघराण्यातलाच वर हवा, आणि राजघराणे तर तिकडे देशोधडीस लागलेले. सरकारशी पत्रव्यवहार चालू राहिला आणि मुलींची वये वाढत गेली. थोरलीचे मन गोपाळ भाऊराव सावंत या, राजाच्याच चाकरीतल्या दरवानावर बसले. त्याचे लग्न आधीच झालेले होते. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, तिचे नाव टुटू. आईबापांना काय वाटले असेल ते सांगावयास नको. माझ्या मते मात्र या घराण्यात स्वतःच्या मनाने घेतलेला हा पहिलाच निर्णय होता. पुढे दुसरीनेही बापाच्या मर्जीविरुद्ध त्याच्याच कारभाऱ्याशी लग्न करावयाचे ठरविले. १९१६ च्या शेवटी या प्रकरणाचा गवगवा झाला आणि त्याच डिसेंबरात हृदयविकाराने राजा वारला. वय ५७. त्यातली ३० वर्षे रत्नागिरीत गेली होती.

धाकटी राणी १९१२ मध्येच गेली होती. दोघांना १९१९ मध्ये रत्नागिरीतच समाधी देण्यात आली. देह स्वदेशी नेण्याची परवानगी मिळाली नाही. सुपयालत मुलींना घेऊन रंगूनला परतली आणि १९२५ मध्ये तिथे वारली. दुसरी राजकन्या नवऱ्यासह कालिंपाँगला राहिली. धाकट्या दोघी ब्रह्मदेशात रमल्या.

थोरली मात्र टुटूला घेऊन रत्नागिरीस परत आली. आईबरोबर राहती तर राजकन्या म्हणून मानाने दिवस गेले असते. इथे तिच्या वाट्याला आली ती गरिबी. १९४७ मध्ये ती रत्नागिरीतच निवर्तली. टुटू तोवर पुरती रत्नागिरीकर झाली होती. शंकर पवार यांच्याशी तिने संसार मांडला, मोठे लेंकुरवाळे घर उभे केले, गुरे राखली, कागदाची फुले करून विकली. ब्रह्मी भाषा तिला येत नव्हती. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची ही नात २००० मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे, रत्नागिरीत मराठी बोलत वारली.

टुटूचे काय करावे हा वंशावळी मांडणाऱ्यांपुढचा पेच आहे. तिच्या आईच्या लग्नाची तिथी विचारली तर काय उत्तर देणार? आपल्या कुलवृत्तांतांच्या नियमाने तिथेही आडवी रेघच पडली असती. पण रत्नागिरीच्या लोकांनी कागद मागितला नाही. थिबाची नात म्हणून तिला गाव ओळखत होते, शेजारपाजारच्यांनी ते आपल्या मुलांना सांगितले, आणि वंशाचा धागा त्या बोलण्यात टिकला. मुंबईच्या दफ्तरांत राजाच्या खर्चाचा हिशेब जपलेला आहे. त्याचे पुढचे रक्त कुठे गेले ते जाणणारे मात्र रत्नागिरीच्या आळ्यांतले लोक होते. पुढे सुधा शाह यांनी या निर्वासित राजावर पुस्तक लिहिले, ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दफ्तर आणि माणसांच्या आठवणी असे दोन्ही एका जागी आले. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रह्मदेशाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन समाधीपुढे नतमस्तक झाले आणि राजाच्या इथल्या वंशजांना भेटले.

डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूस १०० वर्षे झाली. त्या वेळी ब्रह्मदेशातून त्याचे वंशज समाधीवर आले, भिक्षू आले, आणि इथली, टुटूच्या बाजूची मंडळीही आली. एकमेकांची भाषा येत नसलेली ही भावंडे त्या समाधीपाशी एकत्र उभी राहिली. कोणत्या फांदीवर कोणाचे नाव लिहावे याचा वाद तिथे निघाला नाही.

माझी आजी टुटूच्याच सुमारास जन्मलेली. टुटू रत्नागिरीत जन्मली तेव्हा ही घाटाखाली कुठेतरी पाळण्यात असेल. तिच्या आईचे नाव, घाट चढल्याचे वर्ष, आजोबांची आणि तिची गाठ कुठे पडली, यांतले काहीही लिहिलेले नाही. दोन बंदिशी आहेत, त्या वडिलांनी तिच्याकडून घेतल्या आणि मला दिल्या. मी त्या आता मुलांना शिकवितो. कुलवृत्तांताच्या मंडळींना बंदिश हा पुरावा वाटत नाही. मला वाटतो.

तो कागद अजून माझ्याकडेच आहे. आडव्या रेघेवर मी पेन्सिलीने तिचे घरातले हाकेचे नाव लिहिले आहे आणि त्यापुढे माहेर म्हणून कणकुंबी. तिचे पाळण्यातले नाव बहुधा आत्याला आठवत असेल. ती येत्या सोमवारी बेळगावहून आमच्याकडे येणार आहे. तोवर कागद परत करणार नाही असे मंडळींना कळविले आहे.