साडेतीन मिनिटांची भैरवी

अलिबागच्या किनाऱ्यावर रात्री उभे राहून आपण तारे पाहतो. त्या अंधारातून आपल्याच कोकणपट्टीतला एक आवाज दूर दूर चालला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? तो आवाज सूरश्री केसरबाई केरकर यांचा.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यात, फोंडा तालुक्यातील केरी या गावी झाला. बालपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिक्षण, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे यांची तालीम आणि सोळाव्या वर्षी मुंबई. गुरू भेटत होते, पण शिक्षणात सलगपणा नव्हता. १९२१ साली जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांची तालीम सुरू झाली, तेव्हा बाई तिशीला टेकल्या होत्या. त्या वयात त्यांनी आपला गळा पुन्हा पहिल्यापासून घडवला. पुढे अनवट राग, खुला आकार आणि लयीला बिलगलेली पेचदार तान ही त्यांच्या गाण्याची ओळख ठरली.

तो काळ तबकडीचा होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. अमेरिकेत बिली हॉलिडेसारख्या जॅझ गायिकांनी १९३० नंतरच्या दशकात एवढ्याशा वेळात आपले सारे दुःख बसवले आणि त्याच तबकड्यांनी त्यांना घरोघरी पोचवले. केसरबाईंचे गाणे मात्र विस्ताराचे. जो राग मैफलीत तासभर उमलायचा, तो साडेतीन मिनिटांत कसा बसावा? त्यांनी 'हिज मास्टर्स व्हॉइस' आणि 'ब्रॉडकास्ट' या कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रण केले खरे. पण यंत्रावर त्यांचा जीव कधी जडला नाही. त्यांचा विश्वास समोर बसलेल्या श्रोत्यांवर होता. शिष्यांच्या बाबतीतही त्या तशाच कडक. धोंडूताई कुलकर्णी यांच्याखेरीज त्यांची विद्या फारशी कुणाला लाभली नाही.

मानसन्मान मात्र आपण होऊन चालत आले. १९४८ साली कलकत्त्यात 'सूरश्री' ही पदवी, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण. त्याआधीच, १९६४ च्या सुमारास, आवाज उत्तम असतानाच त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या होत्या.

१९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येकावर पृथ्वीची ओळख सांगणारी एक सोनेरी तबकडी आहे. तीत जगभरातील २७ संगीतरचना आहेत. बाख, बेथोवन, जॅझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग आणि त्यांच्याच पंक्तीला केसरबाईंची भैरवी! दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला बाईंनी इहलोक सोडला. त्यांतले एक यान २०१२ मध्ये आणि दुसरे २०१८ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोचले.

ज्या यंत्रापासून बाई अंतर राखून राहिल्या, त्याच यंत्राने त्यांना सर्वांत दूर नेले. परंतु एवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे. ती भैरवी म्हणजे त्यांच्या गाण्याचा एक थेंब; सागर तर मैफलीतच राहिला आणि श्रोत्यांबरोबर गेला. आज आपल्या पंचक्रोशीत भजनी मंडळांतून, दशावतारातून, देवळांतून गाणारी वयस्क माणसे आहेत. त्यांच्यापुढे बसून ऐकण्याची सवड आपण काढणार की नाही? तबकडी आवाज जपते. विद्या जपायला मात्र शिष्यच लागतो.