कॉलेजातलं ज्ञान लोकांच्या भाषेत आणणारे प्राध्यापक : दादाभाई नौरोजी

दादाभाई नौरोजी हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आहे. भारताचे पितामह, काँग्रेसचे अध्यक्ष, इंग्लंडच्या पार्लमेंटात गेलेले हिंदी माणूस, एवढं बहुतेकांना सांगता येतं. पण राजकारणात येण्याआधी ते गणिताचे प्राध्यापक होते, आणि वर्गाबाहेरच्या लोकांना त्यांच्याच भाषेत शिकवायचं काम त्यांनी विशीतच हाती घेतलं होतं. ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घराणं पारशी पुरोहितांचं, पण पैशाने गरीब. चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, तरी त्यांनी हिमतीने पोराला मुंबईच्या शाळेत घातलं. त्या शाळेत फी नव्हती. फी असती तर हे पोरगं शाळेत गेलंच नसतं, आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

पोरगं हुशार निघालं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गणितात नाव काढलं, शिष्यवृत्ती मिळाली. एका इंग्रज न्यायाधीशाने त्यांना कायदा शिकायला विलायतेला पाठवायचं ठरवलं. अर्धा खर्च आपण देतो, उरलेला समाजातल्या मोठ्या लोकांनी द्यावा, असं त्याचं म्हणणं होतं. पण पोरगा तिकडे जाऊन धर्म बदलेल, या भीतीने समाजातले पुढारी मागे सरले आणि ती संधी गेली. मग दादाभाई एल्फिन्स्टनमध्येच शिक्षक झाले. १८५५ च्या सुमारास ते गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्या खुर्चीवर तोवर गोरेच बसत. पूर्ण प्राध्यापक झालेले पहिले भारतीय म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं.

त्याच्या आधीची, १८४८ सालची गोष्ट. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची एक सभा निघाली. त्यात विज्ञान, समाज आणि चालीरीतींवर निबंध वाचायचे आणि चर्चा करायची. दादाभाई तिच्यात आघाडीवर होते. पण हे सगळं इंग्रजीत चालायचं. दुकानदार, कारागीर, घरातली माणसं यांना त्याचा काय उपयोग? म्हणून या सभेच्या दोन शाखा निघाल्या, एक गुजराती आणि एक मराठी. त्यांना ज्ञानप्रसारक सभा म्हणत. मराठी शाखेचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. गुजराती बाजूला दादाभाई होते. कॉलेजात शिकलेलं शास्त्र इंग्रजी न येणाऱ्या माणसांना मायबोलीत सांगायचं, हे या सभांचं काम. विशेष म्हणजे मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये. म्हणजे विद्यापीठ यायच्या नऊ वर्षं आधीच लोकांसाठी व्याख्यानं सुरू झाली होती.

पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या. पगार कोणालाच नाही. सकाळी मुलींना शिकवायचं, मग आपल्या नोकरीला किंवा वर्गाला जायचं. पोरी मिळवायला दारोदार हिंडावं लागे आणि काही घरांतून शिव्या खाऊन परत यावं लागे. मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेठ यांनी आपल्या गिरगावच्या वाड्यात जागा दिली. ज्यांनी आधी विरोध केला, त्यांच्यातलेच काही नंतर मदतीला आले.

एवढी खटपट कशासाठी? दादाभाईंचा हिशेब सरळ होता. आपण फुकट शिकलो, म्हणजे कोणीतरी त्याचे पैसे भरले. भरले कोणी, तर कर देणाऱ्या गोरगरीब रयतेने. मग जे शिकलो ते त्यांचं देणं आहे आणि ते फेडलं पाहिजे. हा विचार त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

१८५५ मध्ये ते कामा कंपनीबरोबर व्यापारासाठी लंडनला गेले. तिथेही मास्तरकी सुटली नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जवळपास दहा वर्षं ते गुजरातीचे प्राध्यापक होते. १८६६ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशन काढली आणि इंग्रज लोकांसमोर हिंदुस्थानची खरी हालत मांडायला लागले.

त्यांची मांडणी आकड्यांवर उभी असायची. सरकारी कागदांतूनच त्यांनी प्रत्येक प्रांताची लागवडीखालची जमीन, पीक आणि भाव घेतले. बेरीज करून माणशी भागलं. उत्तर आलं, वर्षाला साधारण २० रुपये. मग तुरुंगातल्या कैद्याच्या अन्न-कपड्याचा खर्च काढला, तर तो त्याहून जास्त निघाला. म्हणजे शेतात राबणाऱ्याच्या वाट्याला कैद्याइतकंही येत नव्हतं. हा पैसा विलायतेला कसा वाहून जातो, ते त्यांनी दाखवलं. १९०१ मध्ये त्यावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. आज आपण खत, मजुरी आणि भाडं धरून पिकाचा हिशेब मांडतो. अख्ख्या देशाचा असा हिशेब या गणिताच्या मास्तराने दीडशे वर्षांपूर्वी मांडला होता.

१८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते अवघ्या ५ मतांनी निवडून आले. १८८६, १८९३ आणि १९०६ असे तीनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तिसऱ्या वेळी वय होतं ८१, आणि त्या अधिवेशनात त्यांनी स्वराज्याची मागणी केली. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता आपल्याकडचं बघा. कॉलेजची पोरं एनएसएसच्या शिबिराला सात दिवस गावात येतात, रस्ते झाडतात, दुपारी प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. बऱ्याचदा समोर शिबिराचीच पोरं बसलेली असतात आणि गाव शेतात असतं. व्याख्यान संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर, पारावर किंवा देवळापुढे ठेवलं तर माणसं येतील. विषय मातीचा, पाण्याचा, कर्जाच्या व्याजाचा असला तर प्रश्नही विचारतील. त्यासाठी ग्रामपंचायतीने किंवा गावच्या वाचनालयाने जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना एक साधं पत्र द्यावं.

यात मागणाऱ्याने संकोच करायचं कारण नाही. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजचा पगार आजही जनतेच्या पैशातूनच होतो. दादाभाईंच्या हिशेबाने बघितलं, तर गावाने व्याख्यान मागणं म्हणजे आपलंच येणं वसूल करणं आहे.